अर्ध्यावर अडकलेली काच

ती गाडी आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. पांढरी, पुढचा डावा दिवा फुटलेला, आणि चालकाच्या बाजूची काच चार बोटं उघडी. त्या प्रकरणात सगळ्यांनी सगळे प्रश्न विचारले. ती काच पूर्ण बंद का नाही, एवढं मात्र कोणी विचारत नव्हतं.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी धुळ्यात होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. माझं भांडण त्या माणसांशी नव्हतंच. ते एका पद्धतीशी होतं. मोठ्या घरच्या गाडीखाली गरीब माणूस आला की संध्याकाळच्या आत त्या घरचा ड्रायव्हर ठाण्यात येतो, हात जोडतो आणि म्हणतो, गाडी मी चालवत होतो. आमच्या खात्यात याला 'ड्रायव्हर हजर करणं' म्हणतात. कागद पूर्ण होतो, मालक सुटतो, ठाण्याचा एक गुन्हा उघडकीस येतो. सगळ्यांची सोय होते. मेलेल्या माणसाला सोयीचा उपयोग नसतो आणि ड्रायव्हरला त्या सोयीची किंमत नंतर कळते.

कापूस वेचणीचे दिवस होते. पारोळ्याकडून धुळ्याला येणारा रस्ता तेव्हा त्या भागात चौपदरी झालेला नव्हता. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाहून मजुरांची टोळी त्या रस्त्याकडेच्या शेतात उतरली होती. त्यातली एक बाई रस्त्यापलीकडच्या हापशावरून पाण्याचा कॅन भरून परत येत होती. जळगावकडून आलेल्या गाडीनं तिला उडवलं. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, चालकानं काच खाली करून मागे पाहिलं, आणि गाडी निघून गेली. बाई सिव्हिल हॉस्पिटलच्या वाटेवरच गेली. तिचा नवरा अलीकडच्या बांधावर उभा होता. त्यानं हे सगळं पाहिलं.

त्याची फिर्याद आमच्या एका हवालदारानं लिहून घेतली. गाडी पांढरी, नंबर दिसला नाही, चालक अनोळखी. अपघाताच्या फिर्यादी अशाच लिहिल्या जातात.

दुपारी ठाण्याच्या फोनवर धुळ्याच्याच देवपूर भागातून एकाचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, आमच्या गल्लीत एक पांढरी गाडी आली आहे. आल्या आल्या धुतली आणि वर ताडपत्री टाकली."

"मग?"

"मग काय? पाऊस नाही, पाणी नाही. इथं आम्ही नवीन गाड्यासुद्धा उघड्या ठेवतो. ताडपत्री कशाला लागली?"

माणसं एखादी गोष्ट लपवायला जातात आणि लपवण्यानंच ती दिसते. मी दोन पंच घेऊन स्वतः गेलो. ताडपत्री काढली. डावा दिवा फुटलेला, बॉनेटला पोचा. घर गाडीमालकाच्या भावाचं होतं. मालक जळगावचे मोठे व्यापारी, राहायला मेहरूणमध्ये. घरात त्यांचा मुलगाही होता, विशीतला, पलंगावर पांघरूण घेऊन झोपलेला. त्याला ताप आल्याचं काकांनी सांगितलं.

"गाडी कोण चालवत होतं?" मी विचारलं.

"ड्रायव्हर. घाबरून कुठेतरी गेलाय. आम्ही त्याला हजर करतो, साहेब. तुम्ही चहा घ्या."

चहा घेतला नाही. गाडी जप्त केली. आमच्या शिपायानं ती चालवत ठाण्याच्या आवारात आणली आणि मुद्देमालाच्या इतर गाड्यांच्या रांगेत, कडुलिंबाखाली लावली.

संध्याकाळी ड्रायव्हर आला. पन्नाशी उलटलेला, पांढरा सदरा, खिशात लायसन्स तयार. सगळे त्याला नाना म्हणत, मीही नानाच म्हणालो. बरोबर वकील होते. नाना मूळचे यावलकडचे, बरीच वर्षं शेठच्या घरी, बंगल्यामागच्या एका खोलीत बायकोसह राहायचे. मी त्यांना समोर बसवलं.

"सांगा."

त्यांनी सांगितलं. सकाळी मेहरूणहून निघालो. लहान शेठ मागे बसले होते, त्यांना धुळ्याच्या कॉलेजातून कागद आणायचे होते. पारोळ्याला चहा घेतला. पुढे आल्यावर बाई एकदम आडवी आली. ब्रेक दाबला, पण लागलीच. घाबरलो, थांबलो नाही.

"किती वाजले होते?"

"गाडीतल्या घड्याळात पाहिलं, साहेब. पावणेअकरा."

"त्या वेळी गाडीत काय चाललं होतं? बोलत होतात?"

"नाही. रेडिओवर गाणी लागली होती."

मी तेच पुन्हा विचारलं, उलट क्रमानं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. अपघात केलेला खरा चालक असं बोलत नाही. तो आधी बाईचं सांगतो, मग चहाचं, मग म्हणतो नाही नाही, चहा नंतर घेतला. त्याच्या डोक्यात सगळं विस्कटलेलं असतं. नानांचं सगळं घडी घालून ठेवल्यासारखं होतं. असं बोलणं पाठ केलेलं असतं.

पण मला तसं वाटून कोर्टात काहीच सिद्ध होत नाही. कायद्यानं जामीनपात्र गुन्हा होता, जामीन दिला. मालकाला नोटीस काढली, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते लेखी कळवा. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, टाईप केलेलं: आमचा ड्रायव्हर.

त्याच दिवशी वरिष्ठांचा फोन आला.

"कबुली आहे, गाडी आहे, लायसन्स आहे. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"गाडी कोण चालवत होतं ते पाहिजे, साहेब."

"तो सांगतोय ना."

"फार नीट सांगतोय."

"हे बघा, उगाच वाढवू नका. त्या मुलाचं परदेशातलं शिक्षण ठरलंय. या आठवड्यात दोषारोपपत्र पाठवून द्या."

"तपास पूर्ण झालेला नाही, साहेब. अपुऱ्या तपासावर पाठवायचं असेल तर तसं लेखी द्या. मी केस डायरीला लावतो."

फोन ठेवला गेला. लेखी आदेश आला नाही. तो कधीच येत नाही. हे मी नोकरीत लवकर शिकलो होतो, आणि त्याचा उपयोगही मी भरपूर केला.

त्यानंतर एक पुढारी येऊन गेले. खुर्चीत रेलून म्हणाले, "साहेब, मुलाचं आयुष्य आहे पुढे."

"ड्रायव्हरचं नाही का?"

"त्याला शेठ सांभाळतील."

"आणि त्या बाईला?"

ते उठले. जाताना दारातून म्हणाले, "रिटायरमेंट जवळ आली म्हणे तुमची. शांततेत काढा."

मी म्हटलं, "शांततेतच चाललंय. आवाज तुमच्याच गाड्यांचा होतोय." बाहेर त्यांच्या तीन गाड्या इंजिनं चालू ठेवून उभ्या होत्या.

पण उलट उत्तरं दिल्यानं पुरावा मिळत नाही. पुरावा ठाण्याच्या पायरीवर बसलेला होता. मयत बाईचा नवरा सकाळपासून तिथं होता. मी त्याला आत बोलावलं. त्याला मराठी समजायची, बोलायचा तो अहिराणीत, त्यात पावरा आदिवासींची पावरी मिसळून. माझं आजोळ साक्रीकडचं, त्यामुळे मला अडचण आली नाही.

"काय भाऊ, काय पाहिजे?"

"मी सांगं ते बठ्ठं लिखं नही, साहेब."

"काय राहिलं?"

"काचनं. काचनं का नही लिखं?"

मी हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तो काच काच करत होता. मला वाटलं, दिव्याच्या फुटलेल्या काचेबद्दल बोलतोय. त्याचा पंचनाम्यात उल्लेख आहे."

"नही, नही," नवरा म्हणाला आणि हातानं दाखवू लागला. एक हात खिडकीसारखा धरला, दुसरा त्याच्यामागून वर नेला, मध्येच थांबवला, परत थोडा वर नेला, परत थांबवला. "त्यानी काच खाले करी, मांगे देखं. मंग वर करे, अटके. परत करे, परत अटके. गाडी चालू करी, तरी काच अर्धीच. म्हनीसन तोंड देखं मी. पोरगा व्हता. डोकावर एक केस पांढरा नही."

नानांच्या डोक्यावर जे केस होते ते सगळे पांढरे होते.

हवालदार म्हणाला, "साहेब, बायको पडलीय रस्त्यावर आणि हा काच बघत बसला?"

"तो काच बघत नव्हता," मी म्हटलं. "तोंड बघत होता. काच मध्ये होती."

त्याचा पुरवणी जबाब मी स्वतः लिहिला, काचेसकट. अंगठा लावण्याआधी त्यानं पुन्हा वाचून घेतला. काचेचं वाक्य आलं तेव्हा मान हलवली.

काच अर्ध्यावर का अडकावी? ती जशी अडकल्याचं तो हातानं दाखवत होता, तसं मी पाहिलेलं होतं. माझ्याच घरी. काही महिन्यांपूर्वी माझ्या गाडीची बॅटरी बसली होती. नवी टाकून घेतली, गाडी सुरू झाली, मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी सौ. माझ्यावर घसरल्या. "एकदा बटण दाबलं की काच आपोआप वर जायची. आता बोट काढलं की थांबते. घड्याळ चुकतंय. रेडिओ कसला तरी नंबर मागतोय. एवढे पैसे घेऊन त्यानं गाडी बिघडवून दिली."

गाडी बिघडलेली नव्हती. मी माहितीपुस्तक काढून बसलो. अशा गाड्यांमध्ये बॅटरीची तार निघाली की गाडीची स्मरणशक्ती जाते. काच कुठपर्यंत वर जाते हे ती विसरते, म्हणून एका दाबात वर नेत नाही. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच दाबून धरलं की ती परत शिकते. रेडिओला चोरीपासून जपायला एक गुप्त आकडा दिलेला असतो, तो घातल्याशिवाय तो बोलत नाही. आणि घड्याळ पुन्हा एक वाजल्यापासून सुरू होतं. हे सगळं नीट करायला पाच-दहा मिनिटं पुरतात. घाईतला माणूस ते करत नाही.

मी शिपायाला बोलावलं, ज्यानं गाडी देवपुरातून आणली होती.

"गाडी आणताना काच, रेडिओ, घड्याळ, कशाला हात लावलास?"

"काच लावायला गेलो होतो, साहेब. थोडी जाऊन थांबली. म्हटलं बिघडली असेल, सोडून दिली. आता लावू का? आत धूळ जातेय."

"धूळ जाऊ दे. तिला कोणी हात लावायचा नाही."

दोन पंच आणि मोटार वाहन निरीक्षक यांना घेऊन मी गाडीपाशी गेलो. जीवघेण्या अपघातातली गाडी निरीक्षकांनी तपासायचीच असते. किल्ली फिरवली. रेडिओच्या पडद्यावर आकडा मागणारी ओळ आली. घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा पावणेआठ तास मागे होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तितकंच मागे. म्हणजे मधल्या वेळात कोणी तार काढलेली नव्हती आणि घड्याळ बरोबर चालत होतं. घड्याळ एकपासून सुरू होत असेल आणि पावणेआठ तास मागे असेल, तर ते सुरू झालं पावणेनऊला. बारा तासांचं घड्याळ असल्यानं ते सकाळचे की रात्रीचे, आणि कोणत्या दिवसाचे, हे त्यावरून ठरत नाही. हेही मी नोंदवलं. आपल्याला हवं तेवढंच मोजलं तर तो हिशेब नव्हे. पण सकाळचे पावणेनऊ धरले तर मेहरूणहून निघून पावणेअकराच्या सुमारास त्या जागी पोचणं बरोबर बसत होतं.

मग मी नानांना बोलावलं. वकील आले नाहीत. त्यांना वाटलं असावं, कबूल केलेल्या माणसाला कसली भीती.

"नाना, निरीक्षकसाहेबांना गाडी तपासायची आहे. तुम्ही बसा आणि त्या दिवशी चालवलीत तशी दाखवा. आवारातच."

नाना बसले. आरसा सारखा केला, सीट थोडी पुढे घेतली. त्या हालचालीत मला पहिल्यांदा त्यांचं खरं काहीतरी दिसलं. गाडी त्यांच्या हाताची होती.

"रेडिओ लावा."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली. त्यांनी परत दाबलं. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"गाणी लागली होती ना?"

"लागली होती." आवाज खाली गेला.

"घड्याळात किती वाजलेत?"

त्यांनी पाहिलं आणि वाचलंच नाही. 

"राहू द्या. काच खाली करा."

काच खाली गेली.

"आता वर करा."

नानांनी बटण एकदा वर ओढलं आणि हात काढून स्टिअरिंगवर ठेवला. त्यांनी बटणाकडे पाहिलंही नव्हतं. वर्षानुवर्षं तेच केलेलं होतं. काच हात काढल्याबरोबर थांबली. त्यांनी परत ओढलं, परत सोडलं. परत थांबली. आता त्यांनी मान वळवून काचेकडे पाहिलं.

"अरे, हिला झालं काय?" ते म्हणाले. गोठ्यातलं जनावर चारा खात नसलं की माणूस म्हणतो, तसं.

निरीक्षक लिहीत होते.  अशा वेळी पोलिसानं बोलू नये. नाना गाडीतून उतरले, पुढे गेले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग वळून माझ्याकडे आले आणि त्यांनी मला विचारलं,

"साहेब, हिची बॅटरी कधी बदलली?"

पंचांपैकी एकानं झटकन माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळी गाडी चालवत धुळ्याला आणणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायला नको होता. आपण काय बोललो ते नानांच्याही लक्षात आलं. ते लिंबाच्या पारावर बसले.

मी सगळ्यांना लांब जायला सांगितलं आणि चहा मागवला.

"तुम्ही लिहून टाका ना साहेब, मीच चालवत होतो," नाना म्हणाले. "लिहायले तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही. तुमचं जातं."

"शेठ वकील देतील. दंड भरतील. मले सांगितलं त्यांनी."

"शेठ चांगले असतील. पण कोर्टात गुन्हा कबूल केलात की तुमचं लायसन्स जाईल. मग शेठची गाडी कोण चालवणार?"

"ठेवतील दुसरा कोणी."

"तो दुसरा राहील कुठे?"

नानांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ती खोली ड्रायव्हरची खोली आहे, नाना. लायसन्स नसलेल्या माणसाची नाही. तुम्ही ती वाचवायला इथं आलात, आणि इथं आलात म्हणूनच ती जाणार. यात शेठचा दुष्टपणा नाही. गाडी घरी आहे म्हटल्यावर ड्रायव्हर लागतोच."

 मला घाई नव्हती. मारून मिळणारी कबुली लवकर मिळते. ती मला या माणसाकडून आधीच मिळालेली होती, न मारता. मला ती परत घ्यायला लावायची होती. माझ्या सगळ्या नोकरीत हे असं काम एवढंच.

शेवटी नाना म्हणाले, "मी त गावी होतो. सुट्टी होती माझी. मले फोन आला, धुळ्याले ये, लहान शेठच्या हातून झालंय. बसनं आलो. देवपुरात सगळे बसले होते. रस्ता सांगितला, चहाचं सांगितलं, बाई कशी आली तेही सांगितलं." थोडं थांबून म्हणाले, "बॅटरीचं कोणी नाही सांगितलं."

"त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल."

"लहान शेठले तेवढं विचारायचं होतं मी. काच अशी काहून ठेवली म्हणून." ते किंचित हसले आणि लगेच डोळे पुसले. "लहानपणी मीच शाळेत सोडायचो त्याले."

मी त्यांचा जबाब घेतला, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही नोंदवून घेतला. पोलिसांपुढे सांगितलेलं उद्या फिरवता येतं, आणि नानांना फिरवायला लावणारे लोक तयार होते.

मग जळगाव. बॅटरीवर दुकानाचा स्टिकर होता. दुकानदार बोलका माणूस निघाला.

"हो, मीच गेलो होतो मेहरूणला. गाडी उठत नव्हती. बॅटरी टाकली. पोरगा नुसता घड्याळ बघत होता. मी म्हटलं, भाऊ, दहा मिनिटं थांब, गाडी सगळं विसरली आहे, तिला परत शिकवावं लागतं. काच आहे, रेडिओ आहे. तर म्हणे, काका, धुळ्याला जाऊन शिकवतो. आणि माझ्या आधी गेटबाहेर."

"एकटाच होता?"

"एकटाच. त्यांचा नाना असता तर मला काम पुरं केल्याशिवाय सोडलं नसतं. तो लई चिकट माणूस."

"जबाब द्याल? शेठ तुमचं गिऱ्हाईक आहेत."

त्यानं थोडा विचार केला. "गिऱ्हाईक जाईल. पण उद्या कोणी म्हणेल, यानं बॅटरी नीट बसवली नाही म्हणून काच अडकली. ते मला नको. लिहा."

लोक खरं का बोलतात, याची कारणं आपल्याला वाटतात तशी थोर नसतात. चालतात. कोर्टाला खरं पाहिजे असतं, कारण नव्हे.

त्यानंतर सगळं सरळ होत गेलं. तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली. एकाच वयाची, सारख्या अंगाची मुलं रांगेत उभी होती. बाईच्या नवऱ्यानं रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि त्याच मुलासमोर जाऊन उभा राहिला. मुलगा रडू लागला. तो वाईट मुलगा नव्हता. पक्कं लायसन्स अजून आलेलं नव्हतं, घाबरला, पळाला. पुढचं सगळं मोठ्यांनी केलं. नानांच्या फोनचे तपशील आले, त्या सकाळी फोन यावलकडेच होता. मुलावर दोषारोपपत्र गेलं. खोटी माहिती देऊन खऱ्या आरोपीला लपवल्याबद्दल वडील आणि काका हेही त्यात आले. नानांचं नाव आरोपीतून निघून साक्षीदारांत गेलं.

शेठ ठाण्यात आले तेव्हा खुर्चीवर बसले नाहीत. "तुम्ही एका ड्रायव्हरचं ऐकून माझ्या मुलाला अडकवलंत."

"नाही, शेठ. ड्रायव्हरचं ऐकलं असतं तर तुमचा मुलगा सुटला असता."

माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. तिथं दिवसभर वायरलेसवर इतरांचे आवाज ऐकायचे. कारण कागदावर 'प्रशासकीय' असं होतं. मी आदेश घेतला, पोच दिली आणि रुजू झालो. निरोपाच्या चहाला एक सहकारी म्हणाला, "काय मिळवलंत साहेब? एक वेचणीवाली बाई, एक ड्रायव्हर. त्यासाठी एवढं?" मी म्हटलं, हो, त्यासाठीच. पगार त्यासाठीच घेत होतो. मोठ्या माणसांची कामं करायला त्यांच्याकडे माणसं असतात.

कोर्टात साक्षीला मी गेलो होतो. बचावाच्या वकिलांनी बाईच्या नवऱ्याला विचारलं, गाडी क्षणभर थांबली असेल, एवढ्या वेळात तुला चेहरा कसा दिसला? तो म्हणाला, "काच वर जायेच नही, साहेब." वकील खाली बसले. मुलगा दोषी ठरला. शिक्षा कमी की जास्त, यावर बोलणं माझं काम नाही. ज्याचा गुन्हा त्याच्या नावावर लागला, एवढं माझं काम होतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. शेवटच्या दिवसांत नियंत्रण कक्षात येणाऱ्या नव्या पोरांना मी एक सांगायचो. साक्षीदार सांगतो ते सगळं लिहा. त्याच्या भाषेत समजलं नाही तर परत विचारा. कोणतं कामाचं आणि कोणतं बिनकामाचं, हे ठरवायची घाई तुम्ही करू नका. आणि आरोपी स्वतःहून चालत आला, सगळं नीट सांगू लागला, तर त्याला चहा द्या आणि तपास पहिल्यापासून सुरू करा. काहींना हे पटायचं, काहींना वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. दोन्ही बरोबर आहे.

नाना मला मागच्या वर्षी धुळ्याच्या मार्केटबाहेर भेटले. खोली त्यांनी स्वतःच सोडली होती. आता रावेरकडून केळी घेऊन येतात, जुन्या टेम्पोनं. मी विचारलं, कसं चाललंय. त्यांनी आधी खिशातून लायसन्स काढून दाखवलं, मी न मागता. मग टेम्पोच्या दारावर थाप मारली.

"हिच्यात काही शिकवावं लागत नाही, साहेब. काच हातानं फिरवायची."

मागची गाडी हॉर्न देत होती. नाना चढले, हँडल फिरवून काच पार वरपर्यंत घेतली आणि निघाले.